करोनाची शेती-मदत: आमच्या काउंटी ऑफिसातली फाइल

अमेरिकेत शेतजमीन घेतलेल्या मराठी मंडळींचे मला अधूनमधून मेसेज येतात. कुणी टेक्सासात वीस एकर घेऊन ठेवलेत, कुणी न्यू जर्सीत भेंडी-मेथी लावतंय, कुणाचं अजून नुसतं बघणं चाललंय. प्रश्न फिरून फिरून तोच असतो: "२०२० मध्ये सरकारने शेतकऱ्यांना पैसे दिले म्हणे, ते मिळवायचे कसे असतात? पुढे असं काही निघालं तर आधी कुठे जायचं?" दर वेळी फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते. ती योजना केव्हाच बंद झाली. पण कागद तेच आहेत, ऑफिस तेच आहे आणि प्रश्नही तेच विचारले जातात.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. सासर विस्कॉन्सिनच्या नैऋत्येला, ज्याला ड्रिफ्टलेस म्हणतात त्या डोंगराळ पट्ट्यात. हिमयुगातला बर्फ या भागावरून सरकलाच नाही, त्यामुळे इथली जमीन सपाट झाली नाही. उतारावर आडवे पट्टे पाडून शेती करतात, एक पट्टा मक्याचा, एक अल्फाल्फा या चाऱ्याचा. गोठ्यात ऐंशी दुभत्या होल्स्टीन गाई. काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे लोकवस्ती एवढी विरळ आहे की 'ऑफिसातल्या बाई' म्हटलं तरी लोकांना कळेल कोणत्या.

मार्च २०२०. शाळा बंद, हॉटेलं बंद. २५ तारखेपासून राज्यात 'घरी थांबा'चा आदेश लागू झाला. गाईंना आदेश लागू नसतो, त्या दिवसातून दोनदा दूध देतच होत्या. इथलं बहुतेक दूध चीजला जातं आणि चीजचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे पिझ्झावाले, शाळा, कँटीन. तेच बंद. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमचं दूध घेणाऱ्या संस्थेचं पत्र आलं: दूध कमी घाला, मर्यादेवर घातलेल्या दुधाला दर कमी मिळेल. राज्यात काही ठिकाणी टँकरच्या टँकर शेतात ओतले जात होते. आम्ही काही गाई ठरल्यापेक्षा लवकर आटवल्या, काही बाजाराला काढल्या.

चीजच्या दुधाचा सरकार जाहीर करतं तो 'क्लास थ्री' दर जानेवारीत शंभर पौंडाला १७.०५ डॉलर होता. एप्रिलमध्ये १३.०७, मेमध्ये १२.१४. शंभर पौंड म्हणजे ढोबळ ४४ लिटर. तेव्हाच्या पंचाहत्तर रुपयांच्या डॉलरने मेचा दर लिटरला वीस-एकवीस रुपये पडतो. माहेरी भावाला फोन केला तर तिकडेही गायीच्या दुधाचा दर विशीच्या आसपास घसरलेला. माहेर-सासरला दुधाचा सारखाच दर मिळायची ही पहिलीच वेळ. फरक एवढाच, की इथे पेंड, मजुरी आणि डिझेल डॉलरमध्ये असतं.

१७ एप्रिलला मदतीची घोषणा झाली. पूर्ण नाव लांबलचक आहे, 'करोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम', इथे सगळे 'सीफॅप' म्हणायचे, मीही तेच म्हणते. एकूण १९ अब्ज डॉलर, त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना, बाकीचे सरकारने अन्न विकत घेऊन गरजूंना वाटायला. सासूबाईंनी रेडिओवर ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी विचारलं, अर्ज केलास का? अर्ज निघालाच नव्हता. दर आणि नियम १९ मे रोजी आले, अर्ज २६ मेपासून सुरू झाले. मधला महिनाभर काउंटी ऑफिसला फोन केला की बाई इमानदारीत सांगायच्या, तुम्हाला टीव्हीवर कळतं तेवढंच आम्हालाही कळतं.

पण त्या महिन्यात दुसरं काम करता येत होतं आणि ते आम्हाला त्या बाईंनीच सांगितलं. या देशात शेतीखात्याचं बहुतेक काउंट्यांत एक ऑफिस असतं, एफएसए (फार्म सर्व्हिस एजन्सी). कर्ज, अनुदान, पीकपेऱ्याची नोंद, आपत्तीची मदत, सगळं तिथूनच. तुमच्या शेताचा तिथे एक नंबर असतो आणि त्या नंबराखाली एक उतारा निघतो. आपला सातबारा समजा, फक्त मालकी सिद्ध करायला तो चालत नाही. तर बाई म्हणाल्या, "योजना कुठलीही येऊ दे, तुमची पात्रतेची कागदपत्रं आधी लागणारच. ती आत्ता करून घ्या. २६ तारखेनंतर मला श्वास घ्यायला वेळ नसेल."

आणि इथे आमची गाडी अडली. फाइल होती, पण सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर, चाळीसएक वर्षांपूर्वीची. २०१९ च्या शेवटी आम्ही शेताची एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, केली होती: सासरे, सासूबाई, नवरा आणि मी, असे चार सदस्य. दूध एलएलसीच्या नावावर जात होतं, चेक एलएलसीच्या नावावर येत होता आणि एफएसएच्या दप्तरी एलएलसी जन्मालाच आली नव्हती. मदत हवी असेल तर ज्याच्या नावावर दूध त्याच्याच नावावर अर्ज.

ऑफिसचा दरवाजा बंद होता. सगळं फोनवर, नाहीतर दारातल्या पेटीत लिफाफा टाकायचा. ईमेलने फॉर्म यायचे, छापून, सही करून, स्कॅन करून परत. आमच्या डोंगरात इंटरनेटची बोंब. फोनवर फोटो काढून पाठवले तर कोपरे कापलेले म्हणून परत यायचे. शेवटी मी लिफाफा आणि पेटी हाच मार्ग धरला. टाकण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो स्वतःजवळ ठेवायचा, हे तुम्हीही करा.

कागद कोणते, ते नीट लिहिते, कारण हेच पुढेही लागतात.

सीसीसी-९०२ मध्ये शेती कोण करतं त्याची माहिती. सीसीसी-९०१ मध्ये संस्था असेल तर तिचे सदस्य कोण, कुणाचा किती टक्के हिस्सा, प्रत्येकाचा कर-क्रमांक. सीसीसी-९४१ म्हणजे तुमचं सरासरी उत्पन्न मर्यादेत आहे याची कबुली. तीन वर्षांची सरासरी नऊ लाख डॉलरच्या आत हवी. २०२० साठी २०१६, २०१७ आणि २०१८ ही वर्षं धरली होती. नऊ लाखांचा आकडा वाचून सासरे एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. (त्यापेक्षा जास्त कमावणाऱ्यालाही मदत मिळत होती, मात्र त्यातलं ७५ टक्के शेतीतून आलेलं असलं पाहिजे.) हा ९४१ संस्थेने वेगळा आणि प्रत्येक सदस्याने वेगळा भरायचा असतो. एका जरी सदस्याचा राहिला तर त्याच्या हिश्श्याएवढी रक्कम कापून येते. आमच्या माहितीत भावाभावांच्या भांडणात असं झालेलं आहे, एकाने सहीच केली नाही.

एडी-१०२६ हा जमिनीचा. उताराची, धूप होणारी जमीन तुम्ही जपून कसता आणि पाणथळ जागा बुजवलेली नाही, असं त्यात लिहून द्यायचं. आमची बरीचशी जमीन त्या 'धूप होणाऱ्या' यादीत आहे, पण पट्टापेरीचा आराखडा पूर्वीच मंजूर होता, त्यामुळे अडलं नाही. सपाट भागातले लोक हा कागद हसण्यावारी नेतात. डोंगरातल्यांनी नेऊ नये. हा नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. मग बँक खात्याचा एसएफ-३८८१, आणि एलएलसीचा करारनामा, सही करायचा अधिकार कुणाला ते दाखवायला.

माझ्यासाठी एक जादा कागद होता. ९०१ मध्ये प्रत्येक सदस्यापुढे विचारतात, तुम्ही इथले नागरिक की कायम रहिवासी? मी नागरिक नाही. बाईंनी ग्रीन कार्डच्या दोन्ही बाजूंची प्रत मागितली आणि विषय तिथेच संपला. बऱ्याच जणांना हीच धाकधूक असते म्हणून ठळक सांगते: ग्रीन कार्ड असलेल्याला नागरिकासारखंच धरतात. व्हिसावर असलेल्यांची गत वेगळी. त्यांना 'परदेशी व्यक्ती' धरतात आणि नुसते पैसे गुंतवून भागत नाही, जमीन, भांडवल आणि स्वतःचे कष्ट असं सगळं दाखवावं लागतं. एच-वन-बीवर असताना जमीन घेऊन ती दुसऱ्याला कसायला दिली असेल, तर ऑफिसला आधी विचारा.

दुसरी अडचण नावाची. एलएलसीचं नाव आयआरएसच्या, म्हणजे केंद्राच्या कर खात्याच्या, दप्तरी एक, बँकेत थोडं वेगळं. एका अक्षराचा फरक, पण पैसे कॉम्प्युटर पाठवतो आणि त्याला तो एक अक्षराचा फरक कळतो. बाईंना आयआरएसचं ते पत्र हवं होतं, ज्यात संस्थेचा कर-क्रमांक पहिल्यांदा कळवतात, सीपी-५७५. ते घरात सापडेना. हरवलं तर आयआरएसला फोन करून १४७-सी नावाचं पत्र मागवता येतं, पण त्या वसंतात त्यांच्या फोन लाइनी बराच काळ बंदच होत्या. शेवटी अकाउंटंटच्या कपाटात प्रत निघाली. त्याने ती शोधून पाठवायचे ४० डॉलर लावले आणि ते मी आनंदाने दिले. या सगळ्या प्रकरणात खिशातून गेलेला खर्च म्हणाल तर तो, टपाल आणि प्रिंटरची शाई. अर्जाला फी नसते. 'आम्ही तुमचा अर्ज भरून देतो, मिळालेल्या रकमेतले इतके टक्के द्या' असं सांगणारे फोन तेव्हा येत होते. फोन ठेवून द्यायचा.

एलएलसीच्या वतीने सही नवऱ्याची होती, पण तो पहाटे साडेचारपासून गोठ्यात आणि उरलेला दिवस ट्रॅक्टरवर. हिशेब सगळा माझ्याकडे. म्हणून एफएसए-२११, म्हणजे मुखत्यारपत्र, माझ्या नावाने केलं. त्यावरची सही ऑफिसातल्या माणसासमोर नाहीतर नोटरीसमोर व्हावी लागते. ऑफिस बंद, म्हणून बँकेच्या गाडीत बसून व्यवहार करायच्या खिडकीशी गेलो. काचेपलीकडे नोटरी, अलीकडे शेणाच्या बुटांत नवरा, आणि कागद त्या हवेच्या नळकांड्यातून सुईऽऽ करत जातोय-येतोय. लग्न होऊन आल्यापासून या शेताच्या वह्या मी लिहिते, पण सरकारी कागदावर माझं नाव पहिल्यांदा चढलं ते असं.

जूनच्या सुरुवातीला खरा अर्ज. एडी-३११४. एवढ्या सगळ्यानंतर तो अगदी छोटा निघाला. दुधाच्या रकान्यात एकच आकडा: जानेवारी, फेब्रुवारी, मार्च २०२० मध्ये किती पौंड दूध झालं. पुरावा लगेच मागत नाहीत, तुमच्या शब्दावर भरतात. पण मागितला की दाखवता आला पाहिजे. आमचा आकडा ४,७३,२०० पौंड. दूध संस्थेच्या तीन महिन्यांच्या पावत्यांची बेरीज.

हिशेब असा. ४,७३२ हंड्रेडवेट (एक हंड्रेडवेट म्हणजे शंभर पौंड) गुणिले ४.७१ डॉलर. मग तेच दूध १.०१४ ने वाढवून, कारण एप्रिल ते जूनमध्ये दूध थोडं वाढतं असं धरलेलं, त्याला १.४७ डॉलर. दोन्ही मिळून २९,३४१ डॉलर. गंमत बघा, नुकसान एप्रिल-मेचं आणि मोजमाप जानेवारी-मार्चच्या दुधावर. ज्याने मार्चमध्ये गोठा भरलेला ठेवला त्याला जास्त. आमच्या पलीकडच्या खोऱ्यातल्या एकाने फेब्रुवारीच्या शेवटी सगळ्या गाई लिलावात काढल्या होत्या. तो समजून चालला होता की आपला यात काही संबंध नाही. नियम वाचला तर गोठा बंद केलेल्यालाही, जितके दिवस दूध घातलं तितक्या दिवसांचं मिळत होतं. त्याला फोन करून सांगितलं. नियमांचा कागद स्वतः वाचायचा कंटाळा करू नका, कट्ट्यावरच्या गप्पांत निम्मं चुकीचं असतं.

दुधाशिवाय १५ जानेवारी ते १५ एप्रिलमध्ये विकलेल्या जनावरांचा वेगळा रकाना होता. कत्तलीला गेलेल्या म्हाताऱ्या गाईला ९२ डॉलर. सहाशे पौंडाच्या आतल्या वासराला १०२. होल्स्टीनच्या गोऱ्ह्याला त्या दिवसांत बाजारात जे मिळत होतं ते या मदतीपेक्षा कमी होतं. सासरे ती पावती आणि हा फॉर्म शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले. "म्हणजे वासराची किंमत विकल्यावर वाढते," एवढंच म्हणाले.

इथे सासऱ्यांना नावाने हाक मारायची पद्धत आहे. मला ते कधीच जमलं नाही, मी 'डॅड' म्हणते. मुद्दा असा की फॉर्म भरताना डॅडना ओशाळल्यासारखं होत होतं. त्यांच्या पिढीला 'गव्हर्नमेंटचे पैसे' म्हटलं की मान खाली जाते. शेजारच्या आमिश कुटुंबांनी (जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) तर अर्जच केला नाही, सरकारी मदत ते घेतच नाहीत. दुसऱ्या टोकाला हजारो गाईंचे गोठे. एका व्यक्तीला किंवा संस्थेला अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा, पण तीन सदस्य वर्षाला चारशे तास काम किंवा व्यवस्थापन करतात असं दाखवलं की संस्थेची मर्यादा साडेसात लाखांवर जायची. आमच्यासारख्याला त्या मर्यादेशी कर्तव्य नव्हतं. पण हंड्रेडवेटवर मदत ठरवली की ज्याचं दूध जास्त त्याला पैसा जास्त, हे उघड आहे, आणि लहान गोठेवाला बुडतो तो दुधाच्या प्रमाणात बुडत नाही. विस्कॉन्सिनने २०१९ या एका वर्षात आठशेहून जास्त गोठे गमावले होते. तेव्हा करोना नव्हता.

त्याच जूनमध्ये राज्य सरकारची वेगळी मदत आली. केंद्राने राज्याला दिलेल्या पैशांतून पाच कोटी डॉलर शेतीसाठी बाजूला काढले होते. अर्ज १५ ते २९ जून, राज्याच्या महसूल खात्याकडे, ऑनलाइन. २०१९ चं ढोबळ शेती-उत्पन्न ३५ हजार ते ५० लाख डॉलरच्या दरम्यान असेल तर सगळ्यांना सारखेच ३,५०० डॉलर. करविवरणातला आकडा घातला, सबमिट केलं, चहा निवायच्या आत काम झालं. रक्कम लहान, पण तीस गाईंवाल्याला आणि तीनशेवाल्याला एकच. मला विचाराल तर हीच पद्धत बरी वाटली.

केंद्राचे पहिले पैसे जूनअखेर खात्यात जमा झाले. फक्त ८० टक्के. पैसे सगळ्यांना पुरतील की नाही याची सरकारला खात्री नव्हती, म्हणून २० टक्के हातचे राखले होते. ते द्यायचं ऑगस्टमध्ये जाहीर झालं आणि काही आठवड्यांत आपोआप आले. अर्जाची मुदत आधी २८ ऑगस्ट होती, ती ११ सप्टेंबर झाली. मुदत वाढेल या भरवशावर राहू नका, पण चुकली असं वाटलं तरी एकदा फोन करून बघा.

पहिल्या रकमेतून पेंडीच्या गिरणीचं तुंबलेलं बिल दिलं. ते दिल्यावर नवऱ्याने दुपारी झोप काढली. मी त्याला पेरणीच्या-कापणीच्या दिवसांत दुपारी झोपलेलं कधी पाहिलेलं नाही.

आणि मग काय व्हावं? दर वर उसळले. जूनला २१.०४, जुलैला २४.५४. सरकारने वाटपाच्या खोक्यांसाठी चीज उचललं, हॉटेलंही पुन्हा माल भरू लागली. दोन महिन्यांत दर दुप्पट! मदत मिळाली तेव्हा गरज संपली होती की काय, असं शहरातल्या एका ओळखीच्या बाईंनी मला विचारलंसुद्धा. एप्रिल-मेची बिलं जुलैच्या दराने फिटत नसतात, त्यावरचं व्याज मात्र फिरत असतं. हे त्यांना समजावत बसले नाही.

दुसरा हप्ता, सीफॅप-२, २१ सप्टेंबर ते ११ डिसेंबर. या वेळी फाइल तयार होती. फोनवर वेळ ठरली, आकडे सांगितले, सही झाली. दुधाला १.२० डॉलर, एप्रिल ते ऑगस्टचं खरं दूध आणि सप्टेंबर ते डिसेंबरचं त्याच सरासरीने अंदाजाने. आमचं १४,०८० हंड्रेडवेट धरलं, १६,८९६ डॉलर झाले. पिकांनाही एकरी मदत होती. अल्फाल्फाला सरसकट १५ डॉलर, मक्याला उत्पादनावर, पण १५ पेक्षा कमी नाही. त्यासाठी एफएसए-५७८ म्हणजे पीकपेऱ्याची नोंद लागते. ती आमच्याकडे दरवर्षी १५ जुलैपर्यंत द्यावी लागते आणि ती दिलेली होती. पट्टापेरीत प्रत्येक पट्टा वेगळा मोजलेला असतो, नकाशावर बोट ठेवून कुठल्यात काय ते सांगायचं. कंटाळवाणं काम आहे, पण तो कागद नसता तर पिकांचं काहीच मिळालं नसतं.

हिवाळ्यात पत्र आलं: तपासणीसाठी तुमचा अर्ज निवडला आहे, पुरावे द्या. घाबरायचं काही नसतं, काही अर्ज ते असे काढतातच. दुधाच्या पावत्या आणि जनावरांच्या बाजाराच्या पावत्या दिल्या, आकडे जुळले, विषय मिटला. पण पत्र उघडताना पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू. एका फाइलीत योजनेचं नाव घालून सगळ्या पावत्या वेगळ्या ठेवल्या होत्या, तेवढं एक बरं झालं होतं. नियमाने तीन वर्षं कागद ठेवावे लागतात.

मग कर. ही मदत करपात्र आहे, हे फार जणांना जानेवारीत १०९९-जी हा सरकारी रकमांचा कर-फॉर्म हातात पडल्यावर कळलं. शेतीच्या उत्पन्नातच ती धरतात, म्हणजे स्वयंरोजगाराचा करही लागतो. सीफॅपचे दोन्ही हप्ते, राज्याची मदत आणि जुलैचा चढा दर, सगळं २०२० या एकाच वर्षात आलं. ज्या वर्षी आम्ही बुडतो की काय अशी भीती होती त्याच वर्षी कर भरायची पाळी आली. आम्ही डिसेंबरमध्ये पुढच्या हंगामाचं बियाणं-पेंड आगाऊ घेऊन थोडं सावरलं. मदत खात्यात आली की तिच्यातला काही भाग लगेच बाजूला काढा, अकाउंटंटला विचारून.

जानेवारी २०२१ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारने चालू असलेल्या गोष्टी काही आठवडे थांबवून पुन्हा तपासल्या. मार्चअखेर जाहीर केलं की पिकांना एकरी २० डॉलर जादा, आपोआप, आणि ५ एप्रिलपासून सीफॅप-२ चे अर्ज पुन्हा खुले. कारण बरेच लहान शेतकरी राहूनच गेले होते. ते किती खरं आहे ते मला जवळून दिसलं. शनिवारच्या बाजारात माझ्या शेजारी एक ह्मोंग आजी भाजी विकायच्या. या भागात लाओसकडून आलेले ह्मोंग लोक भाजीपाला उत्तम करतात. भाड्याची तीन एकर जमीन, इंग्रजी तोडकंमोडकं, एफएसएचं नाव कधी ऐकलेलं नाही. भाजीला सीफॅप-२ मध्ये २०१९ च्या विक्रीवर टक्केवारीने पैसे होते: पन्नास हजार डॉलरच्या आतल्या विक्रीला १०.६ टक्के. त्यांची वही होती, नातीच्या अक्षरात, दर शनिवारची विक्री लिहिलेली. विक्री अठरा हजारांच्या आसपास, म्हणजे एकोणीसशे डॉलर.

त्यांना शेताचा नंबर काढण्यापासून सुरुवात करावी लागली. जमीनमालकाचं भाडेपत्र, ९०२, ९४१, एडी-१०२६, सगळं तेच, आमच्या वर्षभरापूर्वीच्या क्रमाने. नात भाषांतर करत होती, मी फोन धरून बसले होते. ऑफिसने दुभाषा देऊ केला, तो फुकट असतो, मागायचा फक्त. अर्ज १२ ऑक्टोबर २०२१ ला कायमचे बंद झाले, त्यांचे पैसे त्याच्या बरेच आधी आले. आजींनी मला कोथिंबिरीची जुडी दिली आणि पैसे घेतले. बाजार तो बाजार.

म्हणून तुम्हाला सांगते: जमीन घेतली असेल, अगदी भाड्याने असली तरी, या हंगामात काउंटी ऑफिसला जा आणि शेताचा नंबर घ्या. पेरा नोंदवा. काही मागायचं नसताना जा, तेव्हा तिथल्या बाईंनाही तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

आमच्या फाइलीतली शेवटची रक्कम २०२२ मध्ये आली. दुधाच्या दरसूत्रातल्या गोंधळाने २०२० च्या उत्तरार्धात झालेल्या तोट्याची भरपाई, जुलै ते डिसेंबरची, फरकाच्या ८० टक्के. ती एफएसएकडून नाही, दूध संस्थेमार्फत आली; उत्पन्नाची कबुली तेवढी पुन्हा लिहून द्यावी लागली. आमच्या भागात चीजचं दूध जास्त, त्यामुळे तो फटका आम्हाला कमी बसला होता आणि भरपाईही त्या मानाने. चेक बघून डॅडनी विचारलं, यात काय काय होईल? जनावरांच्या डॉक्टरचं त्या महिन्याचं बिल टेबलावरच होतं. त्यातलं निम्मं.